भाऊजी, ताई आणि न उठणारं मशीन

आमच्या भाऊजींना कोणी काही विचारलेलं नसतं, तरी ते उत्तर देतात. माझ्या ताईचा नवरा म्हणून मी हे प्रेमाने सांगतेय; दुसऱ्या कोणाचा असता तर शब्द वेगळे वापरले असते. जन्मभर त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरी केली, निवृत्त झाले आणि महिन्याभरात लिनक्सच्या नादाला लागले. बाकीच्या बायका तक्रार करतात की निवृत्त नवरा स्वयंपाकघरात लुडबुडतो. ताई म्हणायची, लुडबुडला असता तर निदान भाजी तरी निवडून झाली असती.

लिनक्स म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी भाऊजींसमोर ते कबूल करू नये. मी एकदा केलं होतं आणि त्या दिवशी जेवायला उशीर झाला. थोडक्यात सांगायचं तर संगणक चालवणारी ती एक व्यवस्था आहे, फुकट मिळते, कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही, आणि जुन्यापान्या मशीनवरही बरी चालते. यातलं काहीच खोटं नाही. माझं भांडण लिनक्सशी नव्हतंच कधी.

इमारतीत ज्याच्याकडे म्हणून जुना संगणक होता, त्याच्याकडे भाऊजी पोचले. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी, त्यांच्या वरचे चष्मेवाले, सगळ्यात वर शिकवण्या घेणारे सर. कोणी भिडस्तपणाने हो म्हणालं, कोणी फुकट आहे म्हणून हो म्हणालं, आणि चष्मेवाल्यांना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. भाऊजींनी सगळ्यांच्या मशीनवर लिनक्स चढवलं आणि प्रत्येकाला एकेक पेनड्राइव्ह दिला, मशीन कधी उठलंच नाही तर त्यावरून चालू करायला. 'संकटकाळचा' असं त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंसुद्धा. जिन्यात कोणी भेटलं की यांचा पहिला प्रश्न, "अपडेट केलं का?" तब्येतपाणी त्यानंतर. त्यामुळे इमारतीत त्यांचं नाव अपडेटराव पडलं. हे त्यांना माहीत होतं, आणि कौतुकाचं वाटत होतं.

दुसरं वेड पंपघरातलं, राखीव पंपाचं. "एक पंप चालू आणि एक राखीव. राखीव नसेल तर ते पंपघर नाही, जुगाराचा अड्डा." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून बारशात ऐकलंय, लग्नात ऐकलंय, आणि एकदा दवाखान्याच्या बाकावर ऐकलंय, जिथे माझा पाय मोडलेला होता.

आता ताईबद्दल. ताई लग्नाआधी एका वास्तुविशारदाकडे नकाशे काढायची. हात असा की साहेब तिची रेघ पट्टीने तपासायचे आणि पट्टीलाच दोष द्यायचे. मग मुलं झाली, सासू-सासऱ्यांची आजारपणं झाली, आणि नोकरी सुटली ती सुटलीच. मुलं शिकून दूर गेल्यावर तिने भाऊजींच्या मशीनवर नकाशे काढायचा एक प्रोग्राम शिकून घेतला. लिनक्सवर चालणारा, अर्थातच. इमारतीत भाऊजींचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं माणूस एकच होतं, आणि त्याच्याशी त्यांचं लग्न झालेलं होतं.

यंदा तिने एका नोकरीसाठी अर्ज केला. गाव रात्रभराच्या प्रवासावर, तिथे छोटे दवाखाने बांधणारी एक संस्था. त्यांनी तिला परीक्षा म्हणून एका दवाखान्याचा नकाशा काढायला सांगितला आणि शुक्रवारी दुपारी चारच्या आत पाठवा म्हणून कळवलं. चारनंतर आलेला उघडूनही बघणार नव्हते. पन्नाशी उलटलेल्या बाईला अशी संधी किती वेळा येते ते मला माहीत आहे, म्हणून मला त्या नकाशाची तिच्याइतकीच काळजी होती. गुरुवारी रात्री तिचा फोन आला, "झाला गं पुरा. सकाळी एकदा नजर घालते आणि धाडते."

आणि शुक्रवारी सकाळी भाऊजींनी अपडेट केलं.

ताई आंघोळीला गेली होती. तेवढ्या वेळात. आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते याहून वेगळं काय असतं ते मला कोणीतरी समजावून सांगा.

मला ताईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "तुझा लॅपटॉप घेऊन येतेस का?" एवढंच बोलली. आवाजात काही नव्हतं, म्हणूनच मी घाबरले. मी एका वाहतूक कंपनीत काम करते, तिथल्या साहेबांना पोटदुखीचं सांगितलं आणि निघाले.

घरात शिरले तर भाऊजी टेबलासमोर बनियनवर बसलेले, आणि पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं. ताई पलंगाच्या कडेवर, हात मांडीवर ठेवून. तिने नवी साडी नेसली होती. नकाशा ईमेलने जाणार होता, तो बघायला कोणी येणार नव्हतं, तरी नेसली होती. ती साडी बघून माझं डोकं फिरलं.

"काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही," भाऊजी म्हणाले. "कर्नल पॅनिक आहे."

"मशीनचं राहू द्या. तुम्ही काय केलंत ते विचारतेय."

मग ते सांगायला लागले, आणि एरवी मी कानात बोळे घातले असते, पण त्या दिवशी नीट ऐकलं. मशीनचं बटण दाबलं की आधी बूटलोडर नावाचा राखणदार जागा होतो. तो कर्नल नावाच्या कारभाऱ्याला हाक मारतो. कारभारी उठला की तो बाकीचं घर उठवतो. अपडेटमध्ये नवा कारभारी येतो, पण जुन्यालाही घरातच ठेवतात, म्हणजे नवा उठला नाही तर जुन्याला हाक मारता येते. या कारभाऱ्यांना राहायला डिस्कवर एक वेगळा कप्पा असतो. भाऊजींनी सुरुवातीला काटकसर म्हणून तो कप्पा एवढासा केला होता. त्या सकाळी तो भरला. नवा कारभारी आत आला, पण त्याला उठायला एक जोडीची फाइल लागते, ती अर्धवटच लिहिली गेली. मशीनने तसं सांगितलंही, जागा नाही म्हणून, स्वच्छ शब्दांत.

"मग मी जागा केली," भाऊजी म्हणाले.

"कशी?"

उत्तर ताईने दिलं, "जुने सगळे पुसले."

"पंपाचं तसंच असतं," भाऊजी पुटपुटले. "पाया एकच असला तर जुना काढल्याशिवाय नवा बसवता येत नाही. जागा झाली, मला वाटलं आता झालं. आणि रीस्टार्ट केलं."

जागा केली, पण ती अर्धवट फाइल पुन्हा लिहायला सांगायचं राहिलं. आता नवा कारभारी उठेना, आणि यादीत जुन्याचं नाव निवडलं तर राखणदार म्हणे, या नावाचं इथे कोणी राहत नाही. राखीव पंपाचं कीर्तन जन्मभर करणाऱ्या माणसाने राखीव पंप स्वतःच्या हाताने भंगारात काढला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे मी तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "बरोबर आहे." भाऊजींनी माझं म्हणणं वाद न घालता मान्य केलं असं आजवर झालं नव्हतं, आणि त्यानेही मला बरं वाटलं नाही.

"नकाशा गेला का?" मी विचारलं.

"छे. नकाशा जागच्या जागी आहे. घर शाबूत आहे, फक्त दार उघडत नाहीये. बाहेरून पेनड्राइव्हवर चालू केलं की आत जाता येईल."

"मग करा ना. तुमचा तो संकटकाळचा कुठाय?"

तो त्यांनी चष्मेवाल्यांच्या भाच्याला दिला होता. म्हणाले, इमारतीत तीन आहेत, कोणाकडूनही घेऊन या. मीच गेले, कारण त्यांना बनियनवर पाठवणं बरं दिसलं नसतं आणि त्यांनी शर्ट घालेपर्यंत थांबण्याइतका धीर माझ्यात नव्हता.

शिवणवाल्या मावशींनी पेनड्राइव्ह लगेच दिला. त्यावर गाणी होती. "शिवताना लावते," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या संगणकाकडे बघितलं, तर पडद्यावर तीच नेहमीची खिडकीवाली व्यवस्था, जी माझ्या ऑफिसात आहे, जी सगळ्या जगाकडे आहे. मावशींनी माझा हात धरला. "त्यांना नका हं सांगू. माणूस चांगला आहे." चष्मेवाल्यांचंही तेच; त्यांनी पेनड्राइव्हवर मुलीच्या साखरपुड्याचे फोटो भरले होते आणि लिनक्स काढून टाकल्याला वर्ष झालं होतं. भाऊजी आले की ते मशीन बंद करून ठेवायचे, एवढंच. वरच्या सरांनी तर पहिल्याच आठवड्यात काढलं होतं. "येतात बिचारे, बसतात, समजावतात," सर म्हणाले. "आपण हो हो म्हणायचं. आपलं काय जातंय?" मी जिना उतरत होते आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं. सगळ्या इमारतीने मिळून एका माणसाला इतकं मनापासून फसवलं होतं, आणि कोणाच्याच मनात काही वाईट नव्हतं.

खाली आल्यावर म्हटलं, "कोणाचा सापडत नाहीये." भाऊजी म्हणाले, "लोक वस्तू जपतच नाहीत." मी जीभ आवरली.

मग माझ्या लॅपटॉपवर लिनक्स उतरवून घ्यायचं ठरलं. उतरायला वेळ लागला, ते समजण्यासारखं होतं. पण उतरल्यावर भाऊजी म्हणाले, आता पडताळणी. उतरलेली फाइल अस्सल आहे की वाटेत कोणी बदलली, हे एक भलामोठा आकडा जुळवून बघायचं. एकेक अक्षर बोटाने. नमनाला घडाभर तेल म्हणतात, इथे आख्खा घाणा चालला होता. मी म्हटलं, भाऊजी, आपल्या फाइलमध्ये काड्या घालायला कोणाला वेळ आहे? ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम." ताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नव्हती, आणि न बघायला तिला किती जोर लावावा लागत होता ते मला दिसत होतं.

शेवटी भाऊजींच्या खणातला एक कोरा पेनड्राइव्ह तयार झाला, लावला, आणि मशीन चालू झालं. भाऊजींनी डिस्क उघडली. फोल्डर दिसला. त्यात ताईचा नकाशा दिसला, नावासकट. ताई उठून उभी राहिली.

"दिसतोय की," ती म्हणाली. "द्या मला काढून. हिच्या लॅपटॉपवरून धाडते."

"थांब जरा. आता आत आलोच आहोत तर ती फाइल पुन्हा लिहून घेतो आणि मशीन सरळ करतो. मग तुझं तू नीट आपल्या मशीनवरून पाठव."

"अहो, साडेतीन होऊन गेलेत."

"पाचच मिनिटं."

आणि त्यांनी काळी खिडकी उघडून आज्ञा टाइप करायला सुरुवात केली. काखेत कळसा होता, आणि हा माणूस गावाला वळसा घालायला निघाला होता, तोही नियमाने. पहिली आज्ञा चुकली. त्यांनी चष्मा पुसला. दुसरी चुकली.

मग मात्र माझा बांध फुटला. मी म्हटलं, "भाऊजी, खरं सांगा. मुद्दाम केलंत ना? ती जाऊ नये म्हणून?"

ताई मला गप्प करेल असं वाटलं होतं, पण ती गप्प करत नव्हती. तीही त्यांच्याकडेच बघत होती. तेव्हा मला कळलं की सकाळपासून तिच्याही मनात हेच आहे, आणि ती हेच गिळून बसली आहे.

भाऊजींचे हात कळफलकावरच राहिले. ते माझ्याशी नाही, पडद्याशी बोलले. "जाऊ नये असं वाटतं. का नाही वाटणार? पण म्हणून मी असं करेन होय?" मग थोडं थांबून म्हणाले, "तिकडे हिला ऑफिसात नवं मशीन देतील. मोठा पडदा, सगळं झटपट. मग हिला हे डबडं वाटेल. म्हटलं, शेवटचं काम इथे करतेय, तर सगळं ताजं असू दे. एकदा तरी म्हणू दे, आपलं मशीन छान चालतं. बास, एवढंच होतं."

ताई पुढे आली. मग त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "सरका."

ते सरकले. आज्ञा अर्धवट टाकून, काळी खिडकी उघडीच ठेवून सरकले. मला वाटतं, त्या माणसाने आयुष्यात एवढं मोठं काही सोडलं नसेल. शिवणवाल्या मावशींचा पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्येच राहिला होता; ताईने फाइल त्यावर घेतली, गाण्यांच्या शेजारी, माझ्या लॅपटॉपला लावली, आणि तिथून, भाऊजी ज्या व्यवस्थेचं नावही घेत नाहीत तिच्यावरून, नकाशा धाडला. चार वाजायला थोडाच अवकाश होता. पोच आली तेव्हा ती खाली बसली आणि तिने पदराने तोंड पुसलं. मी चहा टाकायला गेले, कारण कोणीतरी जाणं भाग होतं.

चहा घेऊन आले तर ताई स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलेली. "आता करा दुरुस्त," ती म्हणाली. "पण मला दाखवत करा."

"तुला कशाला?"

"निवड झाली तर मशीन मी नेणार आहे. ऑफिसचं ऑफिसात. खोलीवर मला हेच पाहिजे. तिकडे असं काही झालं तर कोणाला हाक मारू?"

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. ज्या माणसाने जिन्यात अडवून अडवून लोकांना शिकवलं, त्याच्यासमोर पहिल्यांदा कोणीतरी आपणहून शिकायला बसलं होतं. "हे म्हणजे... आधी डिस्क जोडून घ्यायची. मग तिच्या आत जायचं. मग... बघ ना." ताई बघत राहिली. अर्धवट फाइल पूर्ण लिहून झाली, राखणदाराला नवी यादी दिली, पेनड्राइव्ह काढला आणि मशीन एका झटक्यात उठलं. एरवी त्यांनी यावर तासभर भाषण दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

ताईची निवड झाली. महिन्याच्या शेवटी हजर व्हायचं होतं. आदल्या रविवारी मी सामान बांधायला गेले, तर भाऊजी मशीन खोक्यात ठेवत होते. वायरी गुंडाळून, प्रत्येकीला दोरा बांधून. टेबल रिकामं झालं होतं आणि त्यावर मशीनच्या आकाराचा धूळ नसलेला चौकोन राहिला होता.

"तुम्ही का जात नाही हिच्याबरोबर?" मी विचारलं. "इथे काय अडलंय तुमचं?"

"असं कसं जाता येईल, मेहुणीबाई?" ते म्हणाले. "एवढ्या लोकांच्या मशीनवर मी लिनक्स घालून ठेवलंय. काही बिघडलं तर कोणाकडे जातील ते? जबाबदारी आहे."

मी ताईकडे बघितलं. मी सांगणार नव्हते. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण हे माझ्याच्याने झालं नसतं. ताई साडीची घडी घालत होती. घडी पुरी करून तिने ती पेटीत ठेवली.

"अहो," ती म्हणाली, "कोणीच वापरत नाही."

"काय?"

"लिनक्स. सगळ्यांनी कधीच काढलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कोणी बोलत नाहीत."

भाऊजी हातातल्या वायरीचा दोरा बांधत राहिले. गाठ बसेना. "मावशींनीसुद्धा?"

"मावशींनीसुद्धा."

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्यापासून."

ते खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता हा माणूस खाली जाऊन एकेकाचं दार वाजवणार. पण ते बसूनच राहिले, आणि मग विचारलं, "मग तू का नाही काढलंस?"

ताईने दुसरी साडी उचलली. "मला काय, रेघा मारायच्या. त्या कशावरही मारता येतात. पण मीही काढलं असतं तर तुम्ही बोलला कोणाशी असतात?"

भाऊजींनी चष्मा काढला, बनियनला पुसला, आणि पुन्हा लावायचं विसरून हातात तसाच धरून ठेवला. मग माझ्याकडे वळले.

"मेहुणीबाई," ते म्हणाले, "तुमच्याकडे आणखी एखादी बॅग आहे का?"